कालुंग्विशीची पातळी

म्पोरोकोसो सोडलं तेव्हा झुंजुमुंजू होतं.
पिकअप कापेंब्वाचा, एक दार तारेनं बांधलेलं.
मागे त्याचा काबासो, कोळशाच्या रिकाम्या पोत्यांवर,
पुढे आम्ही भावंडं, खिडकीशी वडील,
मांडीवर टोपी, टोपीत उकडलेल्या शेंगा.
"काच खाली कर," म्हणाले.
काचबिंदूनं डोळे नेले त्याला सहा वर्षं झाली,
खिडकी अजून त्यांचीच.

रस्ता लाल, रात्रभर भिजलेला.
कडेला बायका छत्रीएवढ्या अळंब्या घेऊन बसलेल्या.
सर आली तशी एकीनं अळंबीच धरली डोक्यावर;
विकायची की वापरायची, तिचं तिलाच ठरेना.

मग करकचून ब्रेक.
काबासो उठून उभा : "हत्ती?"
हत्ती कुठला. घोयरा सरडा.
वीतभर, हिरवागार, रस्त्याच्या ऐन मध्यावर,
एक पाय उचललेला. टाकावा की नाही,
टाकावा, की नाही.
आमच्याकडे त्याला कुणी हात लावत नाही.
का, ते विचारायचंही नसतं.
मागून मक्याच्या पिठाचा ट्रक आला, तोही थांबला.
ड्रायव्हर उतरला, सिगारेट पेटवली,
ना हॉर्न, ना शिवी.
सरड्याचा एक डोळा आमच्यावर, दुसरा पलीकडच्या गवतावर.
"झाला का पार?" वडील दर मिनिटाला विचारत,
आत कुणाचं बाळंतपण चालू असावं तसे.

लुमांग्वेची गाज आधी पोटात येते, नंतर कानात.
बत्तीस वर्षं वडील हीच नदी मोजत होते.
जलखात्याचा खांब, खांबावर आकडे,
सकाळी सहाला वही, पेन्सिल,
महिनाअखेर कासामाला पाकीट.
दुसरं काही केलं नाही त्यांनी. शेतसुद्धा आईनंच केलं.

फवाऱ्यात आमचे कपडे न पावसाचे भिजले.
धबधब्यात पांढरा साप राहतो म्हणतात,
काबासोनं शेंगा संपेपर्यंत त्याची वाट पाहिली.
आली ती घोरपड, खडकावरून, सावकारासारखी,
जीभ काढून आमची टरफलं तपासून गेली.

वडील पाण्याकडे कान करून उभे.
बराच वेळ. मग म्हणाले,
"दोन मीटर अकरा. बघून ये रे खांबावर."
कापेंब्वा पॅंट दुमडून वेताच्या झुडपांत शिरला.
परत आला. माझ्याकडे पाहिलं. म्हणाला,
"दोन मीटर अकरा. अगदी बरोबर."

वडील हसले. मला वाटलं, खोकला लागला.
"खांब कुठाय तिथं?
माझ्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधीच वाहून गेला तो."

आम्ही दोघं गप्प.
पाण्याचा आवाज तेवढा मध्ये.
"मग ती दोन वर्षं?" मी विचारलं.
"कानानं मोजलं," म्हणाले, "आणि पाठवलं.
कळवलं असतं, तर माणूस आला असता नवा खांब घेऊन,
आणि नवा माणूस घेऊन."
टोपी झटकली, डोक्यावर घातली.
कासामात कुणाच्या तरी कपाटात
अजून ते आकडे असतील, दशांशासकट.

काब्वेलुमेला पोचलो तेव्हा उजेड उतरला होता.
तीन बाजूंनी पाणी, मध्ये आम्ही, भांड्यात ठेवल्यासारखे.
झाडांच्या शेंड्यावरून धनेश ओरडत गेले, तान्ह्या मुलांच्या आवाजात.
काबासो घाबरला, आणि घाबरलो नाही म्हणाला.
खोटं बोलणं आमच्या घराण्यात
असं लहानपणीच येतं बहुतेक.

परतीला अंधार.
ऊन शोषलेल्या वाळूवर रातवे बसलेले,
दिव्यांत त्यांचे डोळे, रस्त्यात पडलेले निखारे;
अगदी चाकाशी आल्यावर उठायचे.
प्रत्येकाला कापेंब्वा पाय सैल करायचा,
प्रत्येकाला वडिलांचं एक बोट टोपीवर मिटायचं.

फाटकाशी आलो. "अकरा," ते म्हणाले.
मी नऊ मोजले होते.
उतरताना त्यांचा हात धरला
आणि म्हटलं, हो, अकरा.
त्यांनी काही ताडलं असेल तर
त्या अंधारात मला दिसलं नाही.